तीन थापा, मग दोन

निमघाटच्या काकड्याला त्या वर्षी पहिल्याच पहाटे छत्तीस पोरंपोरी आली. त्यांना उठवलं होतं ऋजुता इंगवलेनं, आणि ऋजुता तर आषाढातच गेली होती.

तिच्या आईला, कांचनला, हे कळलं ते चार वाजून सहा मिनिटांनी. कोजागरीनंतरची पहिली पहाट होती. सवयीनं जाग आली म्हणून ती उठली होती. चहा टाकावा असंही वाटलं नव्हतं, नुसतीच ओट्याला टेकून उभी होती. तेवढ्यात लक्ष गेलं, तर भिंतीवरचा पडदा उजळलेला होता. सात वर्षं या दिवशी या वेळी तो असाच उजळायचा. वसाहतीचा नकाशा आणि त्यावर घराघराचे राखाडी ठिपके. त्यातले बरेच हिरवे झालेले होते. हिरव्या ठिपक्यांची रेघ वाकडीतिकडी होत घाटाकडे उतरत होती. कांचननं ती रेघ बोटानं मागं मागं नेली. जिथून ती निघाली होती तो ठिपका तिच्याच घरावर होता. खाली नाव होतं ऋजुताचं आणि वेळ तीन चौपन्नची.

तिनं आतल्या खोलीचं दार उघडून पाहिलं. वेडेपणाच तो, पण आईच ती, पाहणारच. पलंगावर चादर ताठ घातलेली होती. ऋजुताचा पट्टा टेबलावर धूळ खात बंद पडला होता.

आता हे पट्ट्याचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर ही भुताखेतांची गोष्ट वाटेल. तशी ती नाही. तशी असती तर कांचनचं काम सोपं झालं असतं.

निमघाट हे कृष्णाकाठचं गाव. जुन्या गावात घराला घर लागून होतं. काकड्याचा महिना लागला की पहाटे पोरं एकमेकांना उठवत जायची. पहिल्यानं दुसऱ्याच्या दारावर थाप मारायची, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, आणि अशी ओळ होत होत सगळी घाटावरच्या देवळात. कुणी कुणाचं दार वाजवायचं हे ठरलेलं असायचं. मग मोठ्या पुरानंतर गाव वर माळावर हललं आणि देऊळ तेवढं खाली राहिलं. नव्या वसाहतीत घरं लांब लांब, प्रत्येकाला कुंपण, कुंपणाला फाटक, आणि फाटकाआड कुत्रं. थाप मारायला दारापर्यंत पोचणार कोण? दोन वर्षांत काकड्याला पाच म्हातारे आणि एक मृदंग एवढंच उरलं.

कांचन गावच्या हायस्कुलात गणित शिकवायची. देवाशी तिचं भांडण नव्हतं, पण जाणंयेणंही नव्हतं. देवळात गेलीच तर मूर्तीपेक्षा रांगेकडे जास्त बघणारी बाई. कोण कुणाच्या मागं उभं राहतं, कोण निघालं की कोण निघतं, यात तिला गंमत वाटायची. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत तरुणांच्या घोळक्यांवर काम सुरू झालं, तेव्हा तिनं निमघाटचा काकडा त्यांच्यापुढं ठेवला आणि पहिले पंचवीस पट्टे घेऊन आली. पुढं ते चाळिसाच्या घरात गेले.

पट्टा मनगटावर बांधायचा. जाग आली की त्यावर दोन बोटांनी थाप द्यायची. ती थाप, देणाऱ्याच्या बोटांच्या वजनासकट, पुढच्याच्या मनगटावर जशीच्या तशी वाजायची. कुणाची घाईची, कुणाची आळशी, डोळे न उघडता कळायचं कोण उठवतंय ते. गजर बंद करून माणूस कूस बदलतो, पण मैत्रिणीनं मारलेली थाप बंद करता येत नाही.

आणि पट्टे शिकत होते. कांचननं ते वर्गातल्या फळ्यावर सोपं करून दाखवलं होतं. प्रत्येक माणसाचा एक आकडा असतो. ज्याचा आकडा पाच, तो पाच जण निघाल्याचं कळल्यावर निघतो. ज्याचा एक, त्याला एकच माणूस पुरतो, पण बहुतेकदा तो ठरावीकच लागतो. एकवाला उठला नाही की दोनवाला झोपतो, दोनवाला झोपला की पाचवाला, आणि शेवटी देऊळ रिकामं. प्रत्येकाला वाटतं, आपण आपल्या मनानं आलो. पण कुठंतरी एक जण असा लागतो की ज्याचा आकडा शून्य आहे, जो कुणीही उठलेलं नसताना उठतो. तो नसला तर सगळंच बसतं.

निमघाटचा शून्य होती ऋजुता. तेव्हा बारा वर्षांची. गजर नाही, हाक नाही, रोज तीन चौपन्नला तिच्या पट्ट्यावरून पहिली थाप निघायची. तीन ठोके, जरा थांबून दोन. कांचनला नवल वाटायचं आणि अभिमानही वाटायचा. नवरा लवकर गेला, घरात देवाचं नाव कुणी काढत नाही, आणि या पोरीला हे आलं कुठून? कोल्हापूरच्या सभेत तिनं सांगितलं होतं, "माझ्या मुलीचा आकडा शून्य आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

राहिला प्रश्न आजारपणाचा. एखादं पोर तापानं पडलं तर ओळ तुटायची. त्यावर उपाय म्हणून पट्ट्यांना बदली थाप शिकवली होती. शाळेत बदली शिक्षक असतो तशीच ती. यादीतलं माणूस उठलं नाही की यंत्र त्याच्या वतीनं, त्याच्या वेळेला, त्याच्याच पद्धतीची थाप पुढं पाठवायचं. यंत्राला एवढंच ठाऊक होतं की यादीत नाव आहे म्हणजे माणूस आहे.

आणि यादी यायची भजनी मंडळाच्या वहीतून. मंडळाचे प्रमुख दिनकर अण्णा, वय ऐंशीच्या घरात. मंडळाची जुनी रीत अशी, की गेलेल्याचं नाव वर्षश्राद्ध होईपर्यंत वहीतून खोडायचं नाही. वर्षभर माणूस मंडळातच धरायचा. आश्विनात कांचन यादी उतरवायला बसली तेव्हा ऋजुताच्या नावापाशी तिचं बोट थांबलं. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. वर्स हुंदे." ते नसते बोलले तरी तिनं ते नाव ठेवलंच असतं. बदली थापेचं तिच्या डोक्यात तेव्हा आलं नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली.

पहिल्या दिवशी पोरं भेदरलेली होती. दुसऱ्या दिवशी सदतीस आली. तिसऱ्या दिवसापासून कुणी त्यावर बोलेना. थाप आली की उठायचं आणि खाली यायचं. मात्र टाळ वाजवताना सगळ्यांची नजर दाराशेजारच्या खांबाकडे जायची. ऋजुता तिथं उभी राहायची. तेवढी जागा मोकळी ठेवून बाकीचे दाटीवाटीनं उभे राहत. अण्णा खूश होते, कारण देऊळ पूर्वी कधी असं भरलं नव्हतं.

कांचनही रोज तीन पन्नासला पडद्यापुढं उभी राहायला लागली. तीन चौपन्नला तिच्या घरावर एकच ठिपका हिरवा व्हायचा. पुढचा ठिपका उजळेपर्यंत आठ-दहा सेकंद जायचे. तेवढा वेळ गावात फक्त ऋजुता जागी असायची. कांचन त्या आठ-दहा सेकंदांसाठी दिवस काढत होती.

आठव्या पहाटे तिनं खिडकीतून पाहिलं तर फाटकापाशी कुणी बसलं होतं. ती शिवन्या निघाली. ऋजुताची जिवलग मैत्रीण, ऋजुताची थाप थेट जिच्या मनगटावर यायची ती.

"शिवन्या? अगं, थंडीत इथं काय करतेस?"

"वाट बघतीय, काकी."

"कुणाची?"

शिवन्या खाली बघून म्हणाली, "तुम्हाला राग यील. थाप तिचीच हाय. सात वर्सं खाल्लीया मी. तीन दिऊन ती किती थांबती, मला ठावं हाय. मशिनला एवढं नेमकं थांबाया येतंय व्हय?"

"येतं गं. मशिनला तेवढंच येतं."

"मग म्हटलं, लवकर यिऊन बसावं, फाटकातनं कोण भाईर येतंय बघावं. रोज पाच मिन्टं आदी येतीय. तरी चुकतीय." ती मान वर करून कांचनकडे बघत राहिली. "ती आदीच गेल्याली असती."

 कांचननं तिला आत बोलावलं, पण ती आली नाही.

दिवाळी सरली. शिवन्याची आई, पूनम, दुपारी शाळा सुटायच्या वेळी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"बाई, पोरगी मिरजंला नर्सिंगला लागली. किती धडपडली हुती, तुमीच फारम भरून दिला. सुट्टी संपून आठ दिस झालं, जाईना. सोमवारी हजर झाली न्हाई तर नाव काडत्यात म्हणं. जेवत न्हाई धड. दोनला उठून तुमच्या फाटकाला यिऊन बसती. मी म्हणलं, बाये, ऋजू गेली. तर म्हणती, मग उठवतंय कोण?" पूनमनं पदर तोंडाला लावला. "तुमीच कायतर करा. माझी हाय तवर तरी राखा."

त्या शेवटच्या वाक्यात टोमणा नव्हता, पण कांचनला ते लागलं. नाव काढणं तिच्या हातात होतं. यादीतलं एक नाव, एका बोटाचं काम. पण ते काढलं की तीन चौपन्नचा ठिपका गेला, आणि काकडाही गेला. छत्तीस पोरं पुन्हा कूस बदलून झोपणार. ऋजुतानं सात वर्षं जे आपल्या मनानं उभं केलं, ते आपण मोडायचं? कांचनला देव नको होता, पण लेकीची भक्ती तिला हवी होती. निदान ती तरी खरी होती हे एकदा पाहून घ्यावं, आणि मग ठरवावं, असं तिनं मनाशी घेतलं.

त्या दुपारी ती ऋजुताच्या नोंदी उघडून बसली. पट्ट्याला नाडी कळायची, झोप कळायची, बारीक हादरेही कळायचे. थाप ओळखायची तर हादरा कळायलाच हवा. पहिल्या वर्षाची पहिली पहाट. तीन एकावन्नला गाढ झोप. तीन बावन्नला एक हलका हादरा, बोटांचा नव्हे, पलंगातून मनगटात उतरलेला. तीन ठोके, जरा थांबून दोन. मग नाडी वाढते, मुलगी जागी होते, आणि दोन मिनिटांनी तीच थाप पुढं पाठवते.

दुसऱ्या दिवशी तेच. शंभराव्या दिवशीही तेच. हादऱ्यापुढं यंत्रानं दर वेळी लिहून ठेवलं होतं: यादीबाहेरची व्यक्ती, पट्टा नाही.

म्हणजे ऋजुताला कुणीतरी उठवत होतं. सात कार्तिक, दोनशेच्या वर पहाटा. फक्त दोन दिवशी हादरा नव्हता, आणि त्या दोन्ही दिवशी ऋजुता उठली नव्हती. कांचननं तारखा पाहिल्या. त्या दोन दिवशी ती स्वतः कोल्हापूरला सभेला गेली होती.

तिनं खुर्ची मागं सारली. काहीच सुचेना तेव्हा माणूस चहा टाकतो, तसा तिनं टाकला. आषाढापासून या घरात गाळून केलेला चहा झाला नव्हता. ती शाळेत पिऊन यायची. पाणी उकळलं, चहा गाळला, आणि गाळणं रिकामं करायला तिनं ते पातेल्याच्या काठावर आपटलं. टक टक टक. हात जरा थांबला. टक टक.

हात तसाच हवेत राहिला. समोरच्या भिंतीपलीकडे ऋजुताचा पलंग होता, उशी भिंतीला लावलेली.

सात वर्षं ती पावणेचारला उठत होती. का, तर पोरांची ओळ कशी उजळत जाते ते पडद्यावर पाहायला. बघायचं म्हणून चहा हवा. देवाचा, काकड्याचा, लेकीला उठवायचा विचारही तिच्या मनात नव्हता. ती नुसती मोजायला बसत होती, आणि जे मोजत होती ते तिच्याच गाळण्यानं सुरू होत होतं.

संध्याकाळी शिवन्याच्या घरी जाऊन तिनं सरळ विचारलं, "ऋजू काकड्याला का उठायची गं? तुला काही बोलली होती?"

शिवन्याला प्रश्नच कळला नाही. "तुमच्यासाठी की. तुमाला ठावं न्हाई? म्हणायची, आई माझ्यासाठी एवढ्या पहाटं उठून चा करती, दिवा लावून बसती, मग मी कशी झोपू? देवाबिवाचं मला काय कळत न्हाई म्हणायची, पर आईला किती बरं वाटतंय." आणि मग हळूच म्हणाली, "मी तिच्यासाठी जायाची. तिला बरं वाटावं म्हणून."

कांचन रस्त्यानं परत येताना दोनदा थांबली. लेक आईसाठी उठत होती आणि आई लेकीला बघायला. खाली तळाशी, शून्याच्या जागी, कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाटावर अण्णांकडे गेली. ते देवळाच्या पायरीवर ऊन खात बसले होते. तिनं सगळं सांगितलं, गाळण्यासकट. 

"मला शंकर कुंभार उठवायचा," अण्णा म्हणाले. "तो मेला. नाव वहीत हुतं वर्सभर. मी उठायचो, दार उगडून बघायचो, आन् मग हितं यायचो. देवासाठी किती आलो आन् शंकरसाठी किती, त्या इठ्ठलालाच ठावं. म्हणून तर आमच्यात वर्सभर खोडत न्हाईत. एकदम तुटू नये माणूस." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पर शंकर काय रोज यिऊन दार वाजवत नव्हता, बाई. वाजवलं असतं तर मी अजून दारातच बसलो असतो."

"मग खोडू?"

"खोड. वही आत हाय. माझा हात व्हायचा न्हाई, तू खोड."

तिनं खोडलं. आधी वहीत, मग घरी येऊन यादीत. यंत्रानं एकदा विचारलं, खात्री आहे का. तिनं हो म्हटलं आणि मग ओट्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडली. आषाढात रडली नव्हती इतकी.

पुढच्या पहाटे ती तीन पन्नासला अंधारात उभी राहिली. दिवा लावला नाही, चहा टाकला नाही. पडदा उजळला. तीन चौपन्न झाले. ठिपके राखाडीच राहिले. चार झाले, चार सहा झाले. खाली घाटावर पाच म्हाताऱ्यांचा मृदंग सुरू झाला, आणि तो किती पोकळ वाजतोय हे इथवर ऐकू येत होतं. वसाहतीत एकही दार उघडलं नाही.

गणिताच्या बाईला अपेक्षित तेच उत्तर मिळालं होतं. तिनं खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी शिवन्या बसली होती, पट्ट्याचं मनगट दुसऱ्या हातात धरून.

कांचन बाहेर गेली आणि तिच्या शेजारी मातीतच बसली.

"काकी, आज थाप आली न्हाई."

"येणार नाही आता. मी नाव काढलं."

शिवन्यानं तिच्याकडे असं पाहिलं की कांचनला वाटलं, ही आपल्याला मारेल. तिनं शिवन्याचा हात ओढून घेतला आणि तिच्या मनगटावर, पट्ट्याशेजारच्या उघड्या कातडीवर, बोटांनी ठोके दिले. तीन. जरा थांबून दोन.

शिवन्या ताडकन उठून उभी राहिली. मागं वळून तिनं फाटक पाहिलं, घर पाहिलं.

"कुणी नाही," कांचन म्हणाली. "ही माझी आहे. चहाचं गाळणं आपटायची मी, तशी. ऋजू माझ्याकडून शिकली आणि तिच्याकडून मशिन शिकलं. तू जिची वाट बघतेस ती येत नव्हती, बाळा. एक दिवसही आली नाही."

मग शिवन्या रडली. बरंच रडल्यावर नाक पुसून म्हणाली, "म्या सुजयचं दार वाजवायचं असतंय. माझ्या फुडं तो हाय."

"चल, मी येते."

दोघी फाटकाफाटकानं गेल्या. कुत्री भुंकली. ज्या घरांत कुत्रं बांधलं होतं तिथं कांचन थेट दारापर्यंत गेली आणि बोटांनी थाप दिली. दुसरी तिला येतच नव्हती. आतून धावत आल्यासारखी पावलं यायची, दार उघडायचं, आणि उघडणारं पोर आधी तिच्याकडे नाही, तिच्या मागं, रिकाम्या रस्त्याकडे बघायचं. मग चेहरा उतरायचा. प्रत्येक दारात हे झालं. नऊ जण आले, बाकीच्यांनी दार पुन्हा लावून घेतलं. देवळात कांचन पायरीवरच थांबली. आत दाराशेजारच्या खांबापाशी शिवन्या जाऊन उभी राहिली.

सोमवारी शिवन्या मिरजेला गेली. पूनमनं एसटीत बसवून दिल्याचा निरोप धाडला.

मंगळवारी पहाटे कांचनला पावणेचारला जाग आली. पडदा तिनं आता उतरवून ठेवला होता, बघायला काही नव्हतं. देव तिला अजूनही आपला वाटत नव्हता. तरी ती उठली, आणि का उठली हे तिला स्वच्छ कळलं. सगळ्या गावाचे आकडे तिनं काढले होते, स्वतःचा कधी काढला नव्हता. तो एक होता, आणि तो एक म्हणजे ऋजुताच.

तिनं दिवा लावला. पाणी ठेवलं, चहा उकळला, गाळला. गाळणं पातेल्याच्या काठावर आपटलं, तीनदा, आणि जरा थांबून दोनदा. मग भिंतीकडे कान देऊन उभी राहिली. पूर्वी इथून दोन मिनिटांत पलंग करकरायचा. तिनं पुरती दोन मिनिटं वाट पाहिली, चहा तसाच ओट्यावर ठेवला, आणि चपला घालून सुजयच्या फाटकाकडे निघाली.